आधी बूट, मग मशीन



पाऊस उघडला की आपल्या बडोद्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दरवर्षी तोच विषय निघतो. कॉमन प्लॉटमधलं गवत गुडघ्याला लागतंय, नवरात्र तोंडावर आलंय, गरब्याला मैदान हवं, माळ्याला बोलवा. मग कोणीतरी लिहितं, "मशीन आहे ना, एका दिवसात उरकेल." उरकतं, यात शंका नाही. पण मशीन आपलं असतं, पाय माळ्याचे असतात, आणि त्या पायांत काय आहे हे त्या दिवशी कोणी बघत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या सोसायटीला किंवा ज्या घराला माळ्यासाठी बूट घेणं जड जातं, त्यांनी गवत कापायचं मशीन घेऊच नये. विळ्याने कापून घ्यावं, चार दिवस जास्त लागले तर लागू देत. काहींना हे टोकाचं वाटेल. मी 34 वर्षं कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली, फिरत्या मशीनांशी रोजचा संबंध होता, म्हणून कारणं जरा सविस्तर लिहितो. पटलं तर घ्या.

आपल्यापैकी बऱ्याच घरांची पहिली पिढी गायकवाडांच्या चाकरीत इथे आली आणि दांडिया बाजार, रावपुरा, वाडी अशा भागांत राहिली. त्या घरांच्या परसात तुळस, जास्वंद, पारिजातक, फार तर एखादं लिंबाचं झाड. गवताशी संबंध गणपतीला दूर्वा काढायच्या तेवढाच. हिरवळ बघायची तर कमाटीबागेत जायचं. ती बाग 1879 सालची, आणि आपल्या आज्या-पणज्यांनी लॉन पहिल्यांदा पाहिलं ते बहुधा तिथेच. घरच्या अंगणात लॉन आलं ते फार नंतर, विश्वामित्रीपलीकडे बंगले उभे राहिले तेव्हा.

माझ्या लहानपणी मावशीच्या बंगल्यावर गवत कापायचं एक ढकलमशीन होतं. दोन लोखंडी चाकं, मध्ये वळणदार पात्यांचा रूळ, आणि लाकडी दांडा. माणूस ढकलेल तेवढंच ते फिरायचं, माणूस थांबला की थांबायचं. खर्र-खर्र आवाज करत माळीबाबा फेऱ्या मारायचे, आम्ही पोरं मागेमागे, आणि ते एका हाताने आम्हाला हाकलत दुसऱ्या हाताने दांडा धरायचे. पाय अनवाणी. आज आपण बिनधास्त म्हणतो ना, "माळ्याला सवय असते", ती सवय त्या मशीनची आहे. आताचं मशीन वेगळं आहे, आणि इथेच सगळा घोटाळा होतो.

ते जुनं मशीन कात्रीसारखं कापतं. फिरणारं पातं खालच्या स्थिर पट्टीला घासून जातं आणि मध्ये आलेलं गवत कातरलं जातं. हा शोध इंग्लंडमधला. ग्लॉस्टरशरमधल्या स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. लोकरी कापडावर वर आलेली लव एकसारखी भादरायचं यंत्र त्याने गिरणीत पाहिलं होतं. हेच गवतावर चालवलं तर, असं त्याच्या मनात आलं, आणि 1830 साली त्याने पेटंट घेतलं. पुढे मोठी मशीनं आली, ती घोडे ओढायचे. आणि त्या घोड्यांच्या पायांत चामड्याचे बूट घालत असत, नालांचे खड्डे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून!

हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. गवत खराब होऊ नये म्हणून घोड्याला बूट घालणारे लोक होते. आणि माणसाचा पाय वाचावा म्हणून माणसाला बूट घ्यायचे, तर आपल्याकडे त्याला कमिटीची मीटिंग लागते.

आता हल्लीच्या मशीनकडे येऊ. बहुतेक सोसायट्यांत असतं ते रोटरी. चार चाकांवर एक पालथा डबा, त्याखाली पंख्यासारखं आडवं फिरणारं एकच पातं, वर पेट्रोलचं इंजिन नाहीतर विजेची मोटर, आणि मागून ढकलायला दांडा. हे पातं कातरत नाही, कोयत्यासारखा फटका मारून गवत उडवतं. फटका मारायचा तर वेग हवा. किती, त्याचा हिशेब घरी बसून करता येतो. पातं समजा 46 सेंटिमीटरचं आहे. एका फेऱ्यात त्याचं टोक साधारण 1.44 मीटर जातं. मिनिटाला 3000 फेरे धरले तर सेकंदाला 50 झाले. म्हणजे टोकाचा वेग सेकंदाला 72 मीटर, ताशी जवळजवळ 260 किलोमीटर. अहमदाबादच्या एक्स्प्रेसवेवर मुलाने गाडी 100 च्या वर नेली की आपण मागून ओरडतो. इथे त्याच्या अडीचपट वेगाने फिरणारं लोखंड माणसाच्या अंगठ्यापासून दोन-तीन वितींवर असतं, आणि त्या अंगठ्यावर रबरी सपातेचा एक पट्टा.

पात्याच्या वाटेत खडा आला तर तोही त्याच जोराने बाहेर फेकला जातो. गवत ओलं असलं, जमीन जरा उताराची असली आणि सपाता सरकली, की पाय पुढे जातो तो थेट डब्याखाली.

तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका घराच्या सोसायटीत हेच झालं. सोसायटीचं नाव लिहीत नाही, कारण कुठेही झालं असतं. या मशीनच्या दांड्याला एक लिव्हर असते. ती दांड्याशी दाबून धरली तरच मशीन चालतं, सोडली की बंद होतं. तासभर मूठ आवळून हात भरून येतो. वळताना लिव्हर सुटते, इंजिन थांबतं, मग वाकून पुन्हा दोरी ओढा. माळ्याने तक्रार केली, "सारखं बंद पडतं." तेव्हा कमिटीतल्या एका हुशार गृहस्थांनी ती लिव्हर सुतळीने दांड्याला पक्की बांधून दिली. "घे, आता फावेल तुला." माळी म्हणजे दाहोदकडचा विशी-बाविशीतला मुलगा. तो काय बोलणार? "फावी जशे, काका."

दोन आठवडे फावलं. तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या ओल्या गवतावर त्याचा पाय सरकला, दांडा हातातून सुटला आणि मशीन चालूच राहिलं. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

दवाखान्याचा खर्च सोसायटीने केला, हे मान्य केलंच पाहिजे. पण नंतरच्या मीटिंगमध्ये निष्कर्ष काय निघाला? चूक मुलाची, चपला घालून आला होता. सुतळीचा उल्लेख मिनिट्समध्ये कुठेही नाही. तो मुलगा आता एका गोदामात बसून पार्सलांना लेबलं लावतो. शिडीवर चढून झाडं छाटायचं काम त्याला कोणी देत नाही, आणि बागकामात चार पैसे जास्त मिळायचे ते त्याच कामात.

माझा वाद त्या निष्कर्षाशी आहे. ती लिव्हर कंपनीने हौस म्हणून लावलेली नसते. अमेरिकेत 1982 पासून नियम आहे की मागून ढकलायच्या अशा मशीनची लिव्हर सोडली की पातं 3 सेकंदांच्या आत थांबलं पाहिजे. म्हणजे नियम करणाऱ्यांनी हे धरूनच ठेवलं की माणूस घसरणार, दमणार, त्याचं लक्ष उडणार. कारखान्यात आमच्या पहिल्या फोरमननी हेच शिकवलं होतं: माणूस कधी ना कधी चुकतो, त्या क्षणी मशीन थांबलं पाहिजे. सुतळी बांधणाऱ्याने नेमकी ती थांबण्याची सोय काढून घेतली. बूट कोणी दिले नव्हते. ओल्या गवतावर आजच काप, असं सांगणारा मेसेज कमिटीचा होता. या तीन गोष्टींपैकी एकही त्या मुलाच्या हातात नव्हती. मग चूक त्याची कशी?

यावर ठरलेली तीन उत्तरं मिळतात. ती मी इतक्यांदा ऐकली आहेत की एकेक घेतोच.

पहिलं: "बूट दिले तरी ही माणसं घालत नाहीत." घालत नाहीत, कारण आपण कोणाचे तरी जुने, दोन नंबर मोठे बूट देतो. उन्हात ते तापतात, आत पाय खेळतो, टाच सोलवटते. माळ्याला बरोबर घेऊन दुकानात जा, त्याच्या मापाचे, पुढे पोलादी टोपी आणि खाली खाचांचा तळ असलेले सेफ्टी शूज घ्या, दोन जोड मोजे घ्या. काम सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत ठेवा. आमच्या सोसायटीत शेडची किल्ली आणि बूट एकाच खुंटीला असतात, बूट पायात घातल्यावरच किल्ली. पहिल्या महिन्यात कुरकुर झाली, आता सवय झाली. सवय होते, ती आपल्याला लावावी लागते. हेही सांगतो की पोलादी टोपी म्हणजे चिलखत नव्हे, पात्याखाली पाय गेला तर तीही पूर्ण वाचवेल अशी खात्री नाही. पण खाचांच्या तळाने पाय मुळात घसरतच नाही, आणि उडालेला खडा नखावर बसत नाही. पावसाळी गमबूट मात्र चालणार नाहीत, मऊ रबर पात्यापुढे टिकत नाही.

दुसरं: "तो कंत्राटदाराचा माणूस, आपला नाही." माणूस कंत्राटदाराचा असेल, पण मशीन कोणाचं? प्लॉट कोणाचा? सुतळी कोणी बांधली? घरी कामाला येणाऱ्या बाईला भाजलं तर गॅस तिच्या एजन्सीचा होता का, असं आपण विचारत नाही.

तिसरं: "उगाच खर्च." सोसायटीने 28 हजारांचं मशीन घेतलं तेव्हा अर्ध्या तासात ठराव झाला होता. बूट, चष्मा, कानावर लावायचे मफ, सगळं धरून त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास येतं. कानाचा विषय काहींना नवलाचा वाटेल. पेट्रोलच्या मशीनमागे रोज दोन-तीन तास चालणाऱ्याचे कान हळूहळू जातात, आणि ते त्याला उशिरा कळतं. माझ्या बरोबरच्या किती कामगारांना आज घरच्यांना ओरडून बोलावं लागतं, ते मी बघतो.

आता आपल्या प्लॉटबद्दल. मशीन फिरवण्याआधी जमीन चालून बघायला हवी, असं सगळे सांगतात. पण आपल्याकडे नेमकं काय शोधायचं, ते कोणत्याही माहितीपत्रकात नसतं. ते आपले सण ठरवतात. गणपती आणि नवरात्राचा मांडव गेला की गवतात खिळे, बांधायच्या तारेचे तुकडे आणि जमिनीत अर्ध्या राहिलेल्या खुंट्या. दिवाळीनंतर जळलेल्या फुलबाज्यांच्या तारा. त्या तर सर्वांत वाईट, गवताच्या रंगात मिसळून जातात आणि पात्याखालून बाणासारख्या सुटतात. उत्तरायण झालं की मांजा. तो पात्याच्या मुळाशी गुंडाळत जातो, आणि मग तो सोडवायला माणूस हात खाली घालतो. शिवाय वर्षभर मुलांचे चेंडू, नारळाच्या करवंट्या, कुत्र्यांनी आणलेली हाडं. हे वेचायचं काम एकट्या माळ्यावर का टाकायचं? कचरा आपल्या सणांचा. दिवाळीच्या दुसऱ्या रविवारी पोरांना एकेक बादली द्या, फुलबाज्यांच्या तारा गोळा करायला लावा. ज्यांनी उडवलं त्यांनीच वेचावं, यात गैर काय?

विजेचं मशीन असलं तर वेगळी काळजी. वायर पात्याखाली येऊन कापली जाणं हा ठरलेला अपघात. वायर खांद्यावरून मागे सोडायची, बोर्डाजवळून कापायला सुरुवात करायची आणि बोर्डापासून लांब लांब जायचं. टेप गुंडाळून जोडलेली वायर बाहेर काढायचीच नाही. आणि ज्या पॉइंटवरून वीज घेता तिथे 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनला एकदा दाखवून घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. मशीनबरोबर जे पुस्तक येतं ते इंग्रजीत असतं. ते सेक्रेटरींच्या कपाटात जातं आणि मशीन चालवणाऱ्याला कधी दिसत नाही. आपण ज्या शहरात राहतो तिथे सयाजीराव महाराजांच्या काळात, 1890 साली, कलाभवन निघालं. हाताने काम करणाऱ्याला त्या कामामागचं शास्त्र कळावं, हा त्याचा हेतू, आणि ते त्याच्या भाषेतून शिकवावं यावर प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांचा भर होता. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आपल्या कितीतरी घरांत "आमचे आजोबा कलाभवनचे" हे अभिमानाने सांगतात, मीही सांगतो. तो अभिमान खरा असेल तर निदान आठ ओळी माळ्याच्या भाषेत लिहून द्यायला काय हरकत आहे? आम्ही गुजरातीत पाटी करून शेडच्या दाराला आतून लावली. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवतो, आणि एकदा त्याच्याकडून करून घेतो. मजकूर असा:

1. बूट, लांब पँट आणि चष्मा घातल्याशिवाय मशीन बाहेर काढायचं नाही.
2. आधी पूर्ण प्लॉट चालून बघायचा. खडे, तारा, मांजा वेचायचा.
3. गवत ओलं असेल तर आज काम नाही. पगार कापला जाणार नाही.
4. लिव्हरला दोरी किंवा तार बांधायची नाही. कोणी बांधली असेल तर मशीन चालवायचं नाही, मग तो माणूस कोणीही असो.
5. मशीन पुढे ढकलायचं, स्वतःकडे ओढत मागे चालायचं नाही. उतारावर आडवं चालवायचं, वर-खाली नाही.
6. गवत अडकलं तर लिव्हर सोडायची, पातं पूर्ण थांबू द्यायचं, स्पार्क प्लगची टोपी काढायची, विजेचं असेल तर पिन काढायची. मग काठीने साफ करायचं. हात घालायचा नाही.
7. पेट्रोल इंजिन गार झाल्यावर, उघड्यावर भरायचं. जवळ बिडी-काडी नाही. शेडमध्ये इंजिन चालू करायचं नाही.
8. मूल किंवा कुत्रा प्लॉटवर आला की मशीन बंद.

तिसऱ्या ओळीतलं दुसरं वाक्य घालायला मीटिंगमध्ये सर्वांत जास्त वेळ लागला. पण ते नसेल तर पहिल्या वाक्याला अर्थ नाही. ज्याचा दिवसाचा रोज बुडणार आहे तो ओल्या गवतावरही काम करणारच. चौथी ओळ लिहिताना काही जणांचे चेहरे पडले, "म्हणजे माळी आम्हाला नाही म्हणणार?" हो, म्हणणार. म्हणता यावं म्हणूनच ती ओळ आहे.

सहाव्या ओळीवर मेंटेनन्सवाला म्हणून दोन शब्द जास्त. इंजिन बंद दिसतं म्हणजे ते मेलेलं असतं असं समजू नका. पातं हाताने फिरवलं तर इंजिनही फिरतं, आणि प्लग जोडलेला असेल तर एखादा झटका बसू शकतो. टोपी काढायला पाच सेकंद लागतात.

आणि हे फक्त माळ्यांपुरतं नाही. रिटायर झालेले आपले काका लोक हल्ली हौसेने स्वतः मशीन चालवतात, बर्म्युडा आणि फ्लोटर घालून. नातवाला पुढे उभं करून दोघांचे हात दांड्यावर, आणि सूनबाई व्हिडिओ काढतेय. फोटो छान येतो. पण मशीन चालू असताना मुलाची जागा घरात, खिडकीमागे. आजोबांबरोबर बागकाम करायचंच असेल तर गवतातून गणपतीच्या दूर्वा निवडायला बसवा, त्याला तीन पानांची दूर्वाही ओळखू येईल.

गवताबद्दलही थोडं मन मोठं करा. दर आठवड्याला गालिच्यासारखं खरडून काढायचा हट्ट सोडा. पात्याची उंची वाढवून ठेवली, एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापलं नाही, तर आपली हरळी हिरवी राहते, पातं जमिनीतल्या खड्यांना कमी लागतं आणि मशीनही अडकत नाही. गुडघ्याएवढं वाढलेलं गवत एका दिवसात मशीनने उतरवायचं, हा अट्टहासच मुळात चुकीचा. आधी विळ्याने अर्धं, मग चार दिवसांनी मशीन. त्यासाठी नवरात्राच्या आदल्या आठवड्यात जागं होऊन चालत नाही.

तेव्हा या रविवारी आपापल्या सोसायटीच्या शेडमध्ये एक चक्कर मारा. मशीनच्या लिव्हरला काही बांधलंय का ते बघा, बांधलं असेल तर स्वतःच्या हाताने कापून टाका. मग माळ्याला त्याच्या पायाचं माप विचारा. आमच्या माळीभाईंचं 7 नंबर आहे. इतकी वर्षं ते आमच्याकडे येतात, पण ते विचारेपर्यंत सोसायटीत कोणालाच माहीत नव्हतं.